नळ नवऱ्याच्या नावावर, गाऱ्हाणं कोणाचं?

(नागपूर इथं वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'लोकायुक्त आणि नागरी सेवा' असं छापलं आहे. नाव जरा जड झालं. आपल्या रोजच्या भाषेत विषय एवढाच आहे: नळाला पाणी आलं नाही, गडरलाईन तुंबली, कचऱ्याची गाडी गल्लीत शिरतच नाही, मुलाच्या जन्माचा दाखला अडकून पडला, आणि झोन ऑफिसात कोणी दाद देत नाही. मग पुढे जायचं कुठं? आणि गेल्यावर तिथं बसलेला माणूस आपल्या कागदाचं नेमकं करतो काय?

मी या दुसऱ्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे. तक्रार कुठं करायची याची पत्रकं पुष्कळ निघतात. पण तक्रार ऐकणारा ती कशी वाचतो, काय शोधतो, कशामुळे बाजूला ठेवतो, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही. ते कळलं नाही तर आपण नुसते अर्ज लिहीत राहतो आणि ते नुसते फाईलला लागत राहतात.

कोणी विचारेल, यात बायकांचा वेगळा प्रश्न कुठं आला? पाणी तर सगळ्यांनाच लागतं. लागतं सगळ्यांनाच, पण भरतं कोण? रात्री उशिरा नळ येणार म्हणून जागी कोण राहते? टँकर आला की हातातलं काम टाकून गुंड घेऊन कोण धावते? गडर तुंबून घाण दारात आली की ती खराट्यानं लोटते कोण? पालिकेची सेवा जिथं कमी पडते तिथं ती भरून काढायचं काम घरातली बाई फुकटात करते. म्हणजे पालिकेची तूट आपल्या अंगावर पडते. पण तक्रार लिहायची वेळ आली की अर्जावर नाव येतं नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, कारण नळजोडणी त्याच्या नावावर, घरटॅक्स त्याच्या नावावर. सोसणारी एक आणि अर्जदार दुसरा. आजच्या बोलण्याचा गाभा इथंच आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता थोडा इतिहास. सरकारी कारभाराविरुद्ध सामान्य माणसाचं गाऱ्हाणं ऐकायला एक स्वतंत्र माणूस असावा, ही कल्पना स्वीडनमधली. तिथं १८०९ साली राज्यघटनेतच तशी सोय केली गेली. त्या अधिकाऱ्याला ते 'ओंबुड्समन' म्हणतात. पुढे डेन्मार्कनं १९५५ मध्ये आणि न्यूझीलंडनं १९६२ मध्ये ही पद्धत घेतली. आपल्याकडे १९६३ मध्ये लक्ष्मीमल सिंघवी यांनी त्यासाठी 'लोकपाल' हा शब्द दिला. १९६६ साली मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. केंद्राचा लोकपाल कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. महाराष्ट्रानं मात्र १९७१ मध्येच लोकायुक्त आणि उपलोकायुक्त कायदा केला आणि ऑक्टोबर १९७२ पासून इथलं कार्यालय सुरूही झालं. ओरिसानं कायदा आपल्या आधी केला होता, पण प्रत्यक्ष काम सुरू झालं ते महाराष्ट्रात पहिलं.

न्यायालय आणि लोकायुक्त यांत फरक काय? न्यायालय तुमचा हक्क कोणता आणि तो कोणी मोडला याचा निवाडा करतं. त्यासाठी वकील लागतो, पैसा लागतो, वर्षं लागतात. लोकायुक्तानं बघायचं असतं ते कारभाराकडे. अधिकाऱ्यानं उगीच उशीर केला का, हयगय केली का, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं केलं का, आणि त्यातून कोणावर अन्याय झाला का. मंत्री आणि सचिव यांच्याबद्दलच्या तक्रारी लोकायुक्ताकडे आणि बाकी अधिकारी-कर्मचाऱ्यांबद्दलच्या उपलोकायुक्ताकडे, अशी ढोबळ वाटणी कायद्यात केलेली आहे. महापालिकेचे, जिल्हा परिषदेचे अधिकारी-कर्मचारी त्यात येतात.

१९७१ च्या कायद्यानं तक्रारीचे दोन प्रकार केले. एक गाऱ्हाणं आणि दुसरा आरोप. आरोप म्हणजे अमक्यानं पैसे खाल्ले, पदाचा गैरवापर केला. त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि घटनेपासून तीन वर्षांच्या आत यावं लागतं. गाऱ्हाणं म्हणजे ढिसाळ किंवा अन्यायी कारभारामुळे मला त्रास सोसावा लागला. त्यासाठी मुदत आहे बारा महिन्यांची, ती गोष्ट तुम्हाला कळली त्या दिवसापासून.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण आपले बरेचसे अर्ज इथंच फसतात. गल्लीत पाणी येत नाही हे आपलं गाऱ्हाणं असतं. पण संतापाच्या भरात अर्जाच्या पहिल्याच ओळीत आपण लिहितो, 'संबंधित अभियंता भ्रष्ट असून त्याने टँकरवाल्याशी संगनमत केले आहे.' असेलही केलेलं. पण आता तो आरोप झाला. त्याला प्रतिज्ञापत्र हवं, पुरावा हवा. पुरावा नसला की सगळाच अर्ज ढिला पडतो आणि पाण्याचा प्रश्न मागे राहतो. पुरावा हातात असेल तर आरोप जरूर करा, पण वेगळ्या कागदावर. पाण्याच्या गाऱ्हाण्याला त्याच्याशी बांधू नका.

आता मघाशी म्हटलं त्या गाभ्याकडे येते. गाऱ्हाणं कोणी करायचं? कायद्यानं उत्तर दिलं आहे: ज्याच्यावर अन्याय झाला, ज्याला अवाजवी त्रास झाला, त्या व्यक्तीनं. ग्राहकानं, मालकानं किंवा कुटुंबप्रमुखानं असं तिथं म्हटलेलं नाही. मोजमाप त्रासाचं आहे, मालकीचं नाही. नळाची जोडणी नवऱ्याच्या नावावर असली तरी पहाटे तीनला उठून पाणी भरणारी बाई स्वतःच्या नावानं गाऱ्हाणं करू शकते. खोली भाड्याची असली तरी करू शकते. ती आजारी असेल, स्वतः काही करू शकत नसेल, तर तिनं अधिकार दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीला तिच्या वतीनं तक्रार करता येते. काउंटरवरचा कर्मचारी 'जोडणी ज्याच्या नावावर त्याला पाठवा' म्हणत असेल तर त्याला सांगा, जोडणीत बदल करायचा असता तर त्याला पाठवलं असतं. मी माझ्या त्रासाची तक्रार द्यायला आले आहे.

समजा, एका वस्तीतल्या बाईच्या नळाला वास येणारं पाणी येतं आहे, कारण पाण्याची जुनी लाईन गडरलाईनला लागून गेली आहे आणि कुठंतरी गळती आहे. तिनं झोनमध्ये तीनदा सांगितलं, काही झालं नाही. तिचा अर्ज उपलोकायुक्ताच्या कार्यालयात गेला तर त्याचा प्रवास कसा होतो ते बघू.

पहिल्यांदा बघितलं जातं, ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो या कायद्यात बसतो का. मग मुदत. मग, हा प्रश्न न्यायालयात आहे का, किंवा दाद मागायचा दुसरा काही मार्ग तिला आहे का. दुसरा मार्ग असेल तर तपास नाकारता येतो. म्हणून थेट मुंबईला अर्ज पाठवण्यात अर्थ नाही. झोनच्या सहायक आयुक्तांकडे, नंतर पालिका आयुक्तांकडे लेखी दिलेलं असलं पाहिजे आणि त्याची पोच जोडलेली असली पाहिजे. आपली बाई इथंच अडते. तीनदा सांगितलं हे खरं, पण तीनही वेळा तोंडी. तिच्या लेखी तीन खेपा, तीन दिवसांची बुडालेली मजुरी. कागदाच्या लेखी शून्य.

अर्ज दाखल करून घेतला तर पुढची पायरी अशी, की त्याची प्रत संबंधित अधिकाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठाला पाठवून त्यांचं म्हणणं मागवलं जातं. हे ऐकलं की बायका घाबरतात. 'म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच माझं नाव कळणार?' हो, कळणार. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणालाच दोषी धरता येत नाही. चौकशी मात्र खासगीत करायची आणि तक्रारदाराचं नाव लोकांत किंवा वर्तमानपत्रांत जाऊ द्यायचं नाही, असं कायद्यात आहे. तरीही भीती खरी आहे हे मी नाकारत नाही. एकटीच्या सहीचा अर्ज आणि तीस जणींच्या सह्यांचा अर्ज यांत फरक पडतो तो इथं. तीस जणींचं पाणी कोणी सहजासहजी तोडत नाही.

मग खात्याचं उत्तर येतं. बहुतेक वेळा ते एका ओळीचं असतं: 'तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' ही ओळ ओळखायला शिका. निराकरण कधी केलं, कोणी केलं, कुठला पाईप बदलला, पाण्याचा नमुना तपासला का, यातलं त्यात काही नसतं. अशा उत्तरावर तुमचं म्हणणं विचारलं गेलं की तिथं गप्प बसलात तर प्रकरण मिटलं असं धरलं जातं. तिथं लिहायचं, 'अमुक तारखेला पाण्याला पूर्वीसारखाच वास होता, शेजारच्या पाच घरांतही होता, सह्या जोडल्या आहेत.' लोकायुक्त आणि उपलोकायुक्त यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण ते वापरायला त्यांना कुठंतरी बोट ठेवायला जागा लागते. ती जागा आपला कागद देतो.

अन्याय झाला असं दिसलं तर काय? मग लेखी अहवालात शिफारस केली जाते, की अमुक मुदतीत हे दुरुस्त करा. मुदत संपल्यावर महिन्याभरात, काय केलं ते कळवायचं असतं. कळवलं नाही किंवा केलेलं पुरेसं वाटलं नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल जातो. दरवर्षीच्या कामाचा अहवालही राज्यपालांकडे जातो आणि तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो.

म्हणजे हातात चाबूक नाही, शिफारस आहे. यावर कार्यकर्त्या चिडतात, 'मग उपयोग काय?' उपयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखूनच करायचा. इंग्लंडमध्ये १९७४ पासून नगरपालिका आणि कौन्सिलांच्या तक्रारींसाठी वेगळे ओंबुड्समन आहेत. त्यांचंही म्हणणं शिफारस म्हणूनच जातं. त्यांचा जोर दोन गोष्टींत असतो. अहवाल जाहीर होतो आणि कौन्सिलला त्यावर विचार करावाच लागतो. आणखी एक गंमत सांगते. तिथंही पहिली चौदा वर्षं तक्रार नगरसेवकामार्फतच पाठवावी लागे. १९८८ मध्ये ती अट गेली आणि माणसाला थेट जाता येऊ लागलं. मधला दलाल, मग तो भला असो की बुरा, काढून टाकायला त्यांनाही इतकी वर्षं लागली. आपल्या देशात केरळनं पंचायती आणि नगरपालिकांसाठीच वेगळा ओंबुड्समन नेमला. २००० सालापासून तिथं ते काम चालू झालं. त्याला नागरिकाला नुकसानभरपाई द्या असा आदेशही काढता येतो. मागणी करायची असेल तर नमुना देशातच आहे.

लोकायुक्त हे वरचं दार झालं. त्याच्या खालची दारं नागपुरातच आहेत आणि ती आधी ठोठवायची आहेत.

पहिलं, लोकशाही दिन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत तो भरवायचा असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. जिल्हा पातळीवरचा महिला लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी असतो. तिथं फक्त मारहाणीच्या आणि पोटगीच्याच तक्रारी न्यायच्या अशी आपली समजूत झाली आहे. नळाचा, शौचालयाचा, रस्त्यावरच्या बंद दिव्याचा प्रश्न बाईचा नाही का? दिवे नसलेल्या रस्त्यानं रात्रपाळीहून परतणारीला विचारा.

दुसरं, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा. दाखले, नोंदी, जोडण्या अशा ज्या सेवा सरकारनं अधिसूचित केल्या आहेत, त्यांना मुदत ठरवून दिली आहे. सेवांची यादी, फी, मुदत, कोणता अधिकारी आणि अपील कोणाकडे, हे सगळं कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच द्यावी लागते. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली की तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. या आयोगाचा आयुक्त प्रत्येक महसूल विभागात आहे, तसा नागपूर विभागालाही आहे. मुंबईला जायला नको. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, म्हणून त्याची धास्ती असते. आपली सेवा या यादीत आहे का, हे आधी बघा. असली तर हाच रस्ता जवळचा.

तिसरं, २००५ चा माहितीचा अधिकार. याला मी तक्रारीचा जोडीदार म्हणते. दहा रुपयांच्या फीत, आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला विनाफी, विचारता येतं, 'माझा अमुक तारखेचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर रोज काय कारवाई झाली?' उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पुष्कळदा हा प्रश्न विचारल्यावरच अर्ज जागचा हलतो.

आणि विजेच्या बिलासाठी, मीटरसाठी नागपुरात स्वतंत्र विद्युत लोकपाल आहे. २००३ च्या वीज कायद्यानं ती सोय झाली. तिथंही क्रम तोच, आधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि मग लोकपाल. सगळीकडे एकच रीत दिसेल. खालचं दार ठोठावल्याची खूण दाखवल्याशिवाय वरचं दार उघडत नाही.

आता आपल्या शहराबद्दल. नागपूर महापालिकेत दहा झोन आहेत. २०१७ च्या निवडणुकीत १५१ जागा होत्या आणि त्यांतल्या निम्म्या बायकांसाठी राखीव होत्या. मार्च २०२२ मध्ये त्या नगरसेवकांची मुदत संपली, नवी निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची कित्येक वर्षं वस्तीतल्या बाईला नगरसेविकेच्या दारात जाऊन बसायचीही सोय राहिली नाही. नगरसेविका कशीही असली तरी तिला पुन्हा मतं मागायला यायचं असतं. प्रशासकाला यायचं नसतं. अशा काळात लेखी तक्रारीची पद्धत माहीत असणं किती गरजेचं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या करारानं खासगी कंपनीकडे आहे. अशा व्यवस्थेत कुठल्याही शहरात सामान्य माणसाची टोलवाटोलवी व्हायचा धोका असतो. पालिका म्हणणार कंपनीत जा, कंपनी म्हणणार हे पालिकेचं काम. म्हणून अर्ज नेहमी पालिकेच्या नावानं द्या आणि प्रत कंपनीला. काम कोणाकडूनही करून घेतलं तरी पाणी पुरवायची जबाबदारी पालिकेचीच राहते आणि लोकायुक्ताला जाब विचारायचा तो पालिकेच्या अधिकाऱ्यालाच.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचं पाणी काठच्या घरांत शिरलं. पुरानंतर पंचनामे होतात. पंचनाम्यात घर येतं, फ्रीज येतो, गाडी येते. बाईचं शिवणयंत्र, खानावळीचं रेशन, घरी विड्या वळायला किंवा पापड लाटायला आणलेला माल, हे सांगितल्याशिवाय येत नाही. आणि सांगायला त्या वेळी ती घरात नसते, चिखल उपसत असते किंवा पोरांना घेऊन नातलगांकडे गेलेली असते. जे पंचनाम्यात नाही ते पुढे कोणत्याही आयोगापुढे, कोणत्याही न्यायालयात सिद्ध करणं फार कठीण. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरातली बाई हजर असली पाहिजे आणि तिनं आपल्या कामाच्या वस्तू लिहून घ्यायला लावल्या पाहिजेत.

आता या सगळ्या व्यवस्थेची एक मोठी मर्यादा. गाऱ्हाणं ऐकणारा विचारतो, जी सेवा आहे ती नीट दिली का? पण सेवाच नसेल तर? बाजारात बायकांसाठी मुतारीच बांधलेली नसेल, तर हयगय कोणाची दाखवणार? तिथं गाऱ्हाण्याची वाट अपुरी पडते आणि हक्काची वाट धरावी लागते. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली 'राइट टू पी' मोहीम आठवा. 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं पुणे महापालिकेविरुद्ध केलेली जनहित याचिका आठवा. त्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये निकाल देताना, रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं बांधणं ही महापालिकांची जबाबदारी आहे हे स्पष्ट केलं. तसंच 'तुमची झोपडी बेकायदा, मग पाणी कसलं मागता' या उत्तराला पाणी हक्क समितीच्या याचिकेत डिसेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं चाप लावला. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून पाणी सरसकट नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पट्टे न मिळालेल्या वस्त्यांतल्या मैत्रिणींनी हे निकाल ध्यानात ठेवावेत. आणि हेही ध्यानात ठेवावं, की अशा याचिकांच्या मागेही कोणीतरी गल्लोगल्ली फिरून केलेल्या नोंदीच असतात.

तेव्हा काम कुठून सुरू करायचं? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत एक तक्रारवही ठेवा. शंभर पानी वही पुरे. तिच्यात तारीख लिहा. नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, किती गुंड भरले, टँकर आला का, गडर कधीपासून तुंबली आहे, कोणाच्या घरी जुलाब झाले. कोणी कोणाला काय सांगितलं आणि तो काय म्हणाला, तेही लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शाळेत जाणाऱ्या मुलीनं लिहावं आणि सांगणारीनं अंगठा द्यावा. मोबाईलवर फोटो काढला तर त्याची तारीख वहीत टाका. पालिकेच्या ॲपवर तक्रार केली तर तिचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. मोबाईल हरवतो, वही राहते.

अर्ज लिहिताना पाच गोष्टी पुरतात. मी कोण, काय झालं आणि कोणत्या तारखेपासून, मला काय त्रास झाला, मी आधी कोणाला कधी सांगितलं, आणि आता मला काय हवं. यातली तिसरी आणि पाचवी आपण नेहमी विसरतो. 'पाणी येत नाही, तरी योग्य ती कार्यवाही करावी' एवढंच लिहितो. योग्य ती म्हणजे कोणती? त्यापेक्षा असं लिहा: '३ तारखेपासून आमच्या गल्लीत नळाला वास येणारे पाणी येते. पिण्याचे पाणी आणायला मला रोज दोन तास लागतात, त्यामुळे माझे एका घरचे काम सुटले. ७ आणि १५ तारखेला झोन कार्यालयात लेखी कळविले, पोच जोडली आहे. पाण्याचा नमुना तपासून त्याचा अहवाल मला द्यावा, गळती पंधरा दिवसांत काढावी आणि तोवर रोज टँकर द्यावा.' हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पळवाट राहत नाही आणि उद्या वरच्या दाराशी गेलात तर तिथल्या माणसाला त्रास म्हणजे काय ते शोधत बसावं लागत नाही. आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. दिला नाही तर तोच अर्ज रजिस्टर टपालानं पाठवायचा आणि पावती वहीला चिकटवायची.

शेवटी एक मुद्दा आपल्या संघटनांसाठी. नव्या लोकायुक्त कायद्याचं विधेयक विधानसभेनं डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेनं डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं, दोन्ही वेळा इथं नागपूरच्या अधिवेशनात. मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत येतात याची बातमी मोठी झाली, आणि ती मोठी होतीच. या नव्या कायद्याचा सगळा रोख भ्रष्टाचारावर आहे. भ्रष्टाचार खणून काढलाच पाहिजे. पण मोठ्या माणसांच्या मोठ्या घोटाळ्यांच्या गर्दीत १९७१ च्या कायद्यातलं साधं गाऱ्हाणं हरवता कामा नये. जिच्या नळाला वास येतो तिच्या गोष्टीत कदाचित कोणी पैसे खाल्लेलेच नसतील. फक्त कोणी लक्ष दिलेलं नसेल. तिच्यासाठीही दार हवं, ही मागणी आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही. पैसे खाणाऱ्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. दुर्लक्षाविरुद्ध बोलायला ते सोसणारीच पुढे यावी लागते.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्या शहरात होतं. दर हिवाळ्यात आमदार आपल्या दारात येतात, मोर्चे निघतात. यंदा आपण निवेदनात एक प्रश्न लिहू या. लोकायुक्तांचे अहवाल सभागृहापुढे येतात, त्यांत महापालिकांच्या सेवांबद्दलची गाऱ्हाणी किती, त्यांतली बायकांनी केलेली किती आणि किती शिफारशी पाळल्या गेल्या? हा प्रश्न सभागृहात विचारायला प्रत्येक वस्तीनं आपापल्या आमदाराला गाठावं. आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात आपली वही असावी. उद्या कोणी म्हणालं, बायकांची तक्रारच नाही, तर तिच्यातली पानं त्याच्यापुढे उघडून ठेवता आली पाहिजेत.